वहीत नसलेली वेळ

मार्चअखेर पाताळपाणीचा धबधबा
म्हणजे कड्यावरचा नुसता ओला डाग.
तिथे उभं राहून मी घड्याळ लावायचो.
पाताळपाणी, कालाकुंड, चोरल, बलवाडा, बडवाह:
जुन्या छोट्या लाइनीच्या कडेकडेनं
लोकांना दोन दिवस लागतात,
मला एक.

निळ्या वहीत सगळं आहे.
अकरा तास चाळीस.
दहा तास बावन्न, नवे बूट.
दहा तास सात. खाली दोन रेघा.
आणि रेघांखाली, का कोण जाणे,
इंदूरच्या एका पोहेवाल्याचा हिशेब.

मृणाल मागून यायची.
म्हणजे मागे राहायची;
येण्याबद्दल तिनं कधी शब्द दिला नव्हता.
कालाकुंडच्या फलाटावर मी
पळसाच्या पानातला कलाकंद संपवून,
पानाची घडी घालून, पुन्हा उलगडून,
पाहत बसायचो बोगद्याच्या तोंडाकडे.
दीड तासानं ती उगवायची:
ओढणीच्या गाठीत मोहाची फुलं,
केसांत कोळ्याचं जाळं, गुडघ्यांना माती.
"होतीस कुठे?"
"ह्याच वाटेवर. तू कुठे होतास?"

मग सांगायची,
भेरूलाल गँगमननं दाखवलेलं झाड,
ज्यावर बिबट्या नखं घासतो;
त्याच्या धाकटीला महूच्या शाळेत
गणिताला मास्तरच नाही;
आणि दुसऱ्या बोगद्यात हाक मारली
तर ती थोडी म्हातारी होऊन परत येते.
भेरूलाल मलाही दिसला होता.
पाठमोरा. मी हात केला होता
त्याच्या पाठीला.

पण खोटं कशाला बोलू,
वेगातही काही होतं.
सातव्या तासाला पाय आपले राहत नाहीत,
सागाची वाळकी पानं स्वतःच वाजत जातात,
वाटच माणसाला उचलते
आणि पुढच्या वळणावर नेऊन ठेवते.
हे मी तिला कधी समजावू शकलो नाही,
आणि दूधराजाची पांढरी शेपटी
फांदीवरून सुटून कशी वाहत जाते
हे तिला मला.

मग डाव्या गुडघ्याची वाटी गेली.
डॉक्टर म्हणाले, चाला, पण बेतानं.
तेव्हा पहिल्यांदा मी तिच्याबरोबर चाललो,
तिच्या चालीनं, थांबत, वाकत, वास घेत.
दुपारी तिला म्हणालो,
"अठरा पक्षी झाले. पाच कोळी.
हळूहळू आकडा वाढेल."
ती दगडावर बसली
आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली.
"अरे, तू हळू चालण्यातही
पहिला यायला बघतोयस!"

मी रुसलो. बराच वेळ काहीच मोजलं नाही.
म्हणजे, मोजलं, पण सांगितलं नाही.

कालाकुंडच्या अलीकडचा शेवटचा उतार.
तिनं पिशवी माझ्या हातात दिली,
एक शब्द न बोलता,
आणि पळाली.
त्रेपन्न वर्षांची बाई,
खडीवरून, वाकड्या रुळांच्या बाजूनं,
दोन्ही हात पसरून, कुणी मागे लागल्यासारखी
किंवा कुणीच मागे न लागल्यासारखी.
वानरं शेंगा खायची थांबली.
ओढणीची गाठ सुटली आणि
मोहाची फुलं पडत गेली तिच्यामागे.

सवयीनं माझं बोट घड्याळावर गेलं
आणि तिथेच राहिलं.
दाबलं असतं तरी काय,
सुरुवात तर केव्हाच निघून गेली होती.

एकेक फूल वेचत उतरलो.
वाकलं की गुडघा कुरकुरायचा,
आणि एक फूल मुंग्यांनी आधीच
ताब्यात घेतलं होतं, ते सोडलं.
किती वेळ लागला, माहीत नाही.
वहीत त्या तारखेसमोर अजून काही नाही.

ती फलाटावर पाय सोडून बसलेली,
छाती भात्यासारखी हलतेय, तोंड लाललाल.
"होतास कुठे?"
मी मूठ उघडली.
फुलं घामानं काळवंडली होती.
तिनं त्यातलं एक उचलून तोंडात टाकलं
आणि पळसाचं पान माझ्याकडे सरकवलं.
रिकामं.
कलाकंद तिनं केव्हाच संपवला होता.